पाइन टिप मॉथचे चिकट सापळे: मोजणी फसवणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंत, लॉबलॉली पाइनच्या कोवळ्या लागवडीत नँटुकेट पाइन टिप मॉथ हा छोटा पतंग त्रास देतो. त्याची अळी आधी सुयांसारख्या पानांत शिरते, मग शेंडा आतून पोखरते. एकदा ती शेंड्यात गेली की बाहेरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं पोहोचत नाही. त्यामुळे फवारणीची तारीख महत्त्वाची असते, आणि चिकट तळाचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावतात ते ही तारीख काढण्यासाठी.

सापळे उशिरा लावणे. कोष तुटक्या, वाळलेल्या शेंड्यांतच हिवाळा काढतात. किनारी जॉर्जियात जानेवारीतल्या उबदार दिवसांतही पतंग बाहेर येतात, म्हणून सापळे त्याआधीच टांगलेले हवेत. मात्र एखाद-दुसरा पतंग सापडला म्हणून लगेच फवारणीच्या तारखेचं गणित सुरू करू नका. सलग काही तपासण्यांत पतंग येऊ लागले, की तो पहिला दिवस धरा.

डिग्री-डेची वजाबाकी चुकणे. त्या पहिल्या दिवसापासून रोजची ऊब जोडत जाऊन फवारणीची तारीख काढतात; दिवसाच्या सरासरी तापमानातून खालची मर्यादा, म्हणजे ज्याखाली किडीची वाढ धरत नाहीत ते तापमान, वजा केलं की उरतात ते डिग्री-डे. इथे ही मर्यादा 9.5 अंश सेल्सिअस धरतात. कमाल 20, किमान 6 असेल तर सरासरी 13, म्हणजे त्या दिवसाचे 3.5 डिग्री-डे. पण कमाल 16, किमान 1 असेल तर सरासरी 8.5 येते आणि हिशोबात शून्य पडतो. प्रत्यक्षात दुपारचे काही तास उबदार होतेच. अशा दिवसांची भर पडत गेली की फवारणी उशिरा होते. तासातासाच्या नोंदी किंवा साइन पद्धत (कमाल-किमानावरून दिवसभरातला चढउतार धरणारी) वापरली तर ही चूक टळते. तापमानही शक्यतो लागवडीजवळचं घ्या.

परागकणांनी माखलेला तळ. वसंतात पाइनचा पिवळा पराग सगळीकडे बसतो, सापळ्याच्या डिंकावरसुद्धा. मग पतंग आत येतो, पण चिकटत नाही, आणि नोंदवहीत 'पतंग कमी झाले' असं लिहिलं जातं. बोट लावून पाहा. तार निघत नसेल तर तळ बदला. परागाच्या दिवसांत तळ आठवड्याला तपासा.

ल्यूरबाबत, म्हणजे सापळ्यातल्या कामगंधाच्या आमिषाबाबत, निष्काळजीपणा. ल्यूर फ्रीजरमध्ये ठेवा, हातमोजे घालून लावा, आणि बदलण्याची मुदत पाकिटावर पाहा; कडक उन्हाळ्यात ती लवकर संपते. जुना ल्यूर तिथेच झाडाखाली टाकून देणे हा तर मोजणीत स्वतःच घातलेला घोळ. वेगवेगळ्या किडींचे ल्यूर एकाच पिशवीत ठेवू नका.

संख्येवरून नुकसान ठरवणे. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. गुलाबी बोंडअळीसाठी आपल्याकडे सलग 3 दिवस प्रति सापळा 8 पतंग अशी पातळी वापरतात. ती सवय इथे आणू नका. सापळ्यात फक्त नर येतात. शिवाय थंडीत पतंग जास्त दिवस जगतात, उन्हाळ्यात लवकर मरतात. म्हणून पहिल्या पिढीत तळ भरून जातो आणि पुढच्या पिढीत शेंडे जास्त पोखरलेले असूनही सापळा अर्धा रिकामा दिसतो.

नुकसान पाहायचं असेल तर झाडांकडे जा. लागवडीत विखुरलेली 50 झाडं घ्या, प्रत्येकाचा मुख्य शेंडा आणि वरच्या फेरीतले शेंडे तपासा, पोखरलेले वेगळे मोजा. राळ आणि जाळीचा छोटा तंबू दिसला तर शेंडा उकलून पाहा. कोष रिकामा असेल, तर ती पिढी उडून गेली आहे.