कोल्हापूरच्या हवेत सिगार जपताना

आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. मार्च-एप्रिलात त्याच खोलीत ओठ फुटतात. सिगारला मात्र बारा महिने ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. म्हणून डब्यात ओला स्पंज ठेवण्याचा नेहमीचा सल्ला इथं पावसाळ्यात उलटा पडतो. आधी बाहेरची हवा अडवायची.

लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची खास पेटी, दिसायला देखणा असतो, पण त्याचं झाकण घट्ट नसेल तर आषाढात तो काही कामाचा नाही. मी सांगेन, रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटके असलेला प्लास्टिकचा डबा घ्या. तो काही दिवस उघडा ठेवून वास घालवा. सिगारच्या खोक्यातल्या स्पॅनिश सीडर या लाकडाच्या पट्ट्या टाकू नका, त्याच आत घाला. हे झाड आपल्याकडच्या तूनच्या भावकीतलं. सुतार सीडर म्हणून देवदार सुचवेल, तो नको. त्याचा उग्र वास तंबाखू लगेच ओढून घेते.

आत ओलावा देणारी आणि जास्तीचा शोषूनही घेणारी पुडी ठेवा, बोव्हेडा कंपनीची किंवा तसली. अशा डब्याला ६५ टक्क्यांची बरी. २५ सिगारला ६० ग्रॅमची एक पुडी पुरते. ती कडक झाली की बदला. नुसती सिलिका जेल घालाल तर सिगार पापडासारखे कडकडीत होतील.

डब्यातली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर आणल्या आणल्या त्यावर विश्वास ठेवू नका. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत करा. मीठ विरघळता कामा नये. टोपण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर तुमचा मीटर चार कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवा.

शिवाय बोटांनी बघत जा. अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबलं की चांगला सिगार थोडा दबतो आणि परत वर येतो. करकरला तर कोरडा. दबून तसाच राहिला तर सादळलेला. तो वाकडा जळतो, ओढायला जड जातो. कोरड्याला घाईनं ओलावा दिलात तर आतली पानं फुगून वरचं पान फाटतं. आधी ६२ ची पुडी, काही आठवड्यांनी ६५ ची.

उन्हाळ्यात खरी भीती किड्याची. तंबाखूत त्याची अंडी असू शकतात, आणि २४-२५ अंशांच्या वर ती फुटू लागतात. डबा माळ्यावर ठेवू नका. आतल्या भिंतीजवळ, कपाटाच्या तळाच्या कप्प्यात ठेवा. सिगारला टाचणीएवढं गोल भोक आणि खाली तपकिरी भुकटी दिसली, तर सिगार दुहेरी झिपच्या पिशवीत बंद करा. एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग बाहेर काढा. किडका बाजूला काढून भागत नाही, डब्यातले सगळेच सिगार या फेरीत घाला आणि तोवर डबा पुसून कोरडा करून ठेवा.