कॅलिफोर्नियात नोकरी गेली? बेकारी भत्त्याचा अर्ज त्याच आठवड्यात करा

लेऑफची ईमेल आली की बे एरियातल्या आपल्या मराठी घरांत पहिले काही आठवडे रेझ्युमे आणि ओळखीपाळखीतच जातात. भत्त्याचा विषय निघाला तर 'सरकारपुढे हात कशाला पसरायचा' म्हणून तो तिथेच संपतो. पण हा विमा आहे आणि त्याचा हप्ता तुमच्या कंपनीने पेरोल टॅक्समधून भरलेला असतो. (पगारपत्रकावर दिसणारी एसडीआयची कपात वेगळी, ती आजारपण आणि कौटुंबिक रजेसाठी.) उशीर केला तर पैसे बुडतात, कारण क्लेम अर्ज केलेल्या आठवड्याच्या रविवारपासून सुरू होतो, नोकरी गेल्या तारखेपासून नाही.

अर्जाआधी व्हिसा पाहा. ग्रीन कार्ड किंवा चालू ईएडी (काम करण्याचा परवाना) असेल तर अडचण नाही. एच-वन-बीवाल्यांना मात्र हा भत्ता सहसा मिळत नाही. उद्या काम मिळालं तर लगेच रुजू होता येईल, अशी अट असते आणि नव्या कंपनीने इमिग्रेशनकडे केलेल्या अर्जाशिवाय (पिटिशन) त्यांना तसं करता येत नाही. त्यांनी नोकरी गेल्यावर नवी कंपनी शोधायला किंवा देश सोडायला मिळणाऱ्या साठ दिवसांच्या मुदतीकडेच लक्ष द्यावं.

अर्ज ईडीडीच्या (राज्याचा रोजगार विभाग) यूआय ऑनलाइन या संकेतस्थळावर करायचा. सोशल सिक्युरिटी नंबर, मागच्या १८ महिन्यांतल्या सगळ्या कंपन्यांची नावं-पत्ते, शेवटचा दिवस आणि पगाराचे आकडे हाताशी ठेवा. नोकरी का गेली, या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात आणि खरं लिहा. कपातीत गेली असेल तर तेवढंच पुरे. कामगिरी कमी पडली म्हणून काढलं, तरी तेवढ्याने हक्क जात नाही, गैरवर्तन ही निराळी गोष्ट आहे. एचआर गोड बोलून राजीनामा लिहून घेत असेल, तर सही करण्याआधी दहादा विचार करा. राजीनामा दिसला की फोनवर मुलाखत होते आणि प्रकरण लांबतं. सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ते पैसे) मिळाला असला तरी अर्ज करा, कॅलिफोर्नियात त्यामुळे भत्ता सहसा अडत नाही.

रक्कम आठवड्याला ४० ते ४५० डॉलर, जास्तीत जास्त २६ आठवडे. ४५० ची ही मर्यादा २००५ पासून हललेली नाही. बे एरियाच्या घरभाड्यापुढे ती तोकडीच, पण किराणा आणि गाडीचा हप्ता निघतो. हिशेबाला अलीकडची तिमाही धरत नाहीत: एप्रिल ते जूनमध्ये अर्ज केला तर आदल्या वर्षीचा जानेवारी ते डिसेंबरचा पगार बघतात. पहिला आठवडा बिनपैशांचा असतो.

लोक खरे अडकतात ते पुढे, दर दोन आठवड्यांनी करायच्या सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे भत्ता चालू राहण्यासाठी भरायच्या प्रश्नावलीत. प्रत्येक आठवड्यासाठी तेच प्रश्न येतात: आजारी होतात का? पूर्ण वेळ काम घेता आलं नसतं असं काही कारण होतं का? काम शोधलंत का? कुठलं नाकारलंत का? शिक्षण सुरू केलंत का? काही कमावलंत का? शेवटच्या प्रश्नाला चार तासांचं कन्सल्टिंगही सांगायचं, तेही ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात, पैसे पुढच्या महिन्यात येणार असले तरी. टॅक्स कापण्याआधीची रक्कम लिहायची. २५ डॉलर किंवा कमाईचा चौथा हिस्सा, यांतलं जे जास्त ते सोडून उरलेलं भत्त्यातून वजा होतं. लपवलेली कमाई पुढे कंपन्यांच्या नोंदींशी ताडली जाते, मग पैसे दंडासह परत करावे लागतात. भारतात आई-बाबांकडे गेलात, तर त्या आठवड्यांत तुम्ही कामाला उपलब्ध नव्हता. तसंच लिहा. कॅलजॉब्सवर (राज्याचं नोकरी शोधायचं संकेतस्थळ) नाव नोंदवा आणि कुठे, कधी अर्ज केले याची वही ठेवा.

या पैशांवर कॅलिफोर्निया कर घेत नाही, केंद्र सरकार घेतं. दहा टक्के आधीच कापून घ्यायची सोय आहे, ती घ्या.

नकार आला तर पत्रावरच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करता येतं. सुनावणी न्यायाधीशापुढे होते, वकील लागतोच असं नाही. लेऑफची ईमेल, शेवटचं पगारपत्रक आणि एचआरशी झालेला पत्रव्यवहार सोबत ठेवा. कंपनीचा लॅपटॉप परत करण्याआधी स्वतःच्या नोकरीची ही कागदपत्रं मागून घ्या. अपील चालू असतानाही दर दोन आठवड्यांचं सर्टिफिकेशन थांबवू नका. निकाल तुमच्या बाजूने लागला, तर ज्या आठवड्यांचं सर्टिफिकेशन केलं असेल त्यांचेच पैसे मिळतात.