घडीवर तडकणारा मेणाचा थर
बियाण्यांच्या पाकिटांसाठी मी कागदाला कार्नोबा मेणाचा, म्हणजे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणाऱ्या मेणाचा थर देत असे. परंतु घडी घालताच तिथे पांढरी रेघ उमटे आणि पाणी नेमके तिथूनच झिरपे. हे मेण सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते आणि थंड झाल्यावर फार ठिसूळ होते. म्हणून तीन भाग कार्नोबात एक भाग मऊ सोया मेण मिसळले, तेही गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, कारण थेट आचेवर मेण पेट घेऊ शकते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, लेप दिलेला कागद दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून त्यावरून इस्त्री फिरवली, तेव्हा वर साचलेले मेण तंतूंत मुरले. आता घडीवरचा थेंब मण्यासारखा घरंगळतो.