मेलबर्नचं ऊन: नव्याने आलेल्यांसाठी

‘आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं काय सांगता?’ नवीन आलेल्या बहुतेक घरांतून मी हे ऐकते. पण नागपूरकर मे महिन्यात भर दुपारी डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. इथे तीच माणसं जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, बारा वाजता उघड्या डोक्याने क्रिकेट खेळतात, कारण वारा गार असतो. अतिनील किरणांचा आणि गारव्याचा संबंध नाही. २२ अंशातही यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, १० असू शकतो.

त्वचा काळवंडते, तेवढंच आपल्याला दिसतं. खरं नुकसान आत होतं. त्वचेच्या वरच्या थरात लँगरहान्स पेशी पहाऱ्याला असतात. जंतू किंवा बिघडलेली पेशी दिसली की त्या प्रतिकारशक्तीच्या ठाण्यांपर्यंत, म्हणजे लसिकाग्रंथींपर्यंत, वर्दी पोचवतात. अतिनील किरणांमुळे त्यांची संख्या घटते, शिवाय प्रतिकार आवरणारी रसायनं त्वचेतूनच सुटतात. हे सगळं त्वचा लाल होण्याआधीच सुरू होतं. म्हणजे जे किरण पेशीचा डीएनए बिघडवतात, तेच तो बिघाड पकडणाऱ्यांना गप्प करतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर कर्करोगाला वाट मिळते. समुद्रावर दिवस काढल्यावर काहींच्या ओठांवर जुने हर्पिसचे फोड (कोल्ड सोअर) पुन्हा उठतात, तेही याच कारणाने.

आपल्या सावळ्या रंगाने भाजणं आणि कर्करोगाचा धोका बराच कमी होतो, हे खरंच. पण पहारा ढिला पडणं त्याने पूर्ण थांबत नाही.

ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत रोज सनस्मार्ट ॲपवर त्या दिवसाचा यूव्ही इंडेक्स बघा. इंडेक्स ३ किंवा वर असेल तर रुंद काठाची टोपी, लांब बाह्या आणि एसपीएफ ५०+ सनस्क्रीन. ते घराबाहेर पडण्याआधी २० मिनिटं लावा, दर हातापायाला चमचाभर, आणि दर दोन तासांनी पुन्हा. आपण लावतो ते बोटभर पुरत नाही. ढग असले तरी सूट नाही. शाळेत टोपी नसेल तर मुलांना सावलीतच बसवतात, तेव्हा दप्तरात एक जास्तीची ठेवा.

ड जीवनसत्त्वाची काळजी मात्र रास्त आहे, कारण सावळ्या त्वचेत ते सावकाश तयार होतं. हिवाळ्यात इंडेक्स ३ च्या खाली असताना दुपारी बिनधास्त फिरा, आणि रक्ततपासणीबद्दल जीपीला (आपल्या फॅमिली डॉक्टरांना) विचारा. डॉक्सीसायक्लिन किंवा रक्तदाबावरचं हायड्रोक्लोरोथायाझाइड चालू असेल तर तेही त्यांना सांगा, या औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते.