बालवाडीत नव्याने रुजू होताय? आधी मुलांचे पाय बघा

डिचोलीकडच्या एका बालवाडीत मी शिकवते. नव्या शिक्षिका विचारतात, पहिल्या आठवड्यात काय बघायचं? चपला काढायला सांगा आणि मूल पायरी कसं चढतं, चिऱ्याच्या ठेंगण्या कठड्यावरून कसं चालतं, ते बघा.

तोल सांभाळायला आतल्या कानातल्या नलिका लागतात, डोळे लागतात आणि हातपाय कुठे आहेत ते कळवणारे स्नायू-सांधेही. या शेवटच्यांकडे आपलं लक्ष जात नाही. एखादं मूल सारखं बाकाला धडकतं, शेजाऱ्याला जोरात ढकलतं. त्याला लगेच दांडगट ठरवू नका; आपल्या अंगाचा, जोराचा अंदाज त्याला अजून आलेला नसू शकतो. अशा मुलाला मी चटई ओढायला, पाण्याच्या भरल्या बाटल्या आणून ठेवायला सांगते. वजन उचलताना, ओढताना सांध्यांना स्वतःची जाणीव होते.

तिसऱ्या वर्षी मूल क्षणभर एका पायावर उभं राहतं. लंगडी बहुतेकांना पाचव्याच्या आसपास जमते, तेव्हा घाई नको.

जूनमध्ये पाऊस लागला की अंगण बंद. मग वर्गात सुंभाची दोरी जमिनीवर टाका. आधी सरळ, मग नागमोडी, मग तळहातावर चिंचोक्यांची करवंटी घेऊन चालायचं. मनगट घट्ट धरू नका, एक बोट द्या. पुढे नुसतं जवळ उभं राहा. फुगडी तर सोन्यासारखी! गिरकीने कान कामाला लागतात, जोडीदाराच्या ओढीने हात. दोन-चार फेऱ्या झाल्या की थांबवा, दिशा बदला. मूल पांढरं पडलं, घामेजलं तर लगेच बसवा.

पालक विचारणारच, ‘टीचर, एबीसी कधी?’ त्यांना सांगा, पाठ आणि खांदा स्थिर झाल्याशिवाय बोटं पेन्सिल नीट चालवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १८० मिनिटं हालचाल सुचवली आहे, त्यातली निदान ६० मिनिटं दमवणारी. पालकसभेत हा आकडा मी फळ्यावरच लिहिते.

मूल सतत चवड्यांवर चालत असेल, एकाच बाजूचा हात वापरायचं टाळत असेल, जमणारी गोष्ट विसरत असेल, तर पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगा. आजाराचं नाव आपण घ्यायचं नाही. काय दिसलं ते तारखेसह वहीत लिहा. अंगणवाडीत असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा ती वही त्यांच्यासमोर ठेवा.