हवाई हद्द चाचपणाऱ्या परकी लष्करी विमानांना उत्तर कसे द्यावे

एखाद्या देशाचे लष्करी विमान दुसऱ्या देशाच्या हवाई हद्दीला घासून जाते, किंवा मिनिट-दोन मिनिटे आत शिरून बाहेर पडते, तेव्हा ते बहुतेक वेळा हल्ल्यासाठी आलेले नसते. कोणते रडार सुरू झाले, लढाऊ विमाने कोणत्या तळावरून आणि किती मिनिटांनी उडाली, वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालले, राजधानीत निर्णय व्हायला किती वेळ लागला, या प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात. यजमान देशाची प्रतिक्रिया हीच त्या फेरीची कमाई असते. म्हणून ही प्रतिक्रिया कशी असावी हे विमान पडद्यावर उमटण्याच्या कितीतरी आधी, शांत डोक्याने आणि लेखी स्वरूपात ठरलेले असले पाहिजे. पुढील मांडणी अशी पद्धत बसवणाऱ्यांसाठी आहे, तशीच या घटनांच्या बातम्या नीट समजून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठीही आहे.

आधी रेषा निश्चित करा

नागरी हवाई वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या पहिल्या कलमानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या प्रदेशावरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे, आणि दुसरे कलम किनाऱ्यालगतचा प्रादेशिक समुद्र त्या प्रदेशातच धरते. या समुद्राची कमाल रुंदी १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराने १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर ठरवली आहे. परक्या जहाजाला या पट्ट्यातून निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क असतो. विमानाला तो नसतो. लष्करी विमानाला तर शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमानुसार आगाऊ परवानगीशिवाय आत येताच येत नाही. आंतरराष्ट्रीय जलवाहतुकीच्या सामुद्रधुन्यांना मात्र वेगळे नियम लागू होतात आणि तेथे विमानांनाही पारगमनाचा हक्क मिळतो, त्यामुळे ज्यांच्या किनाऱ्याला अशी सामुद्रधुनी लागून आहे त्यांनी आपला नकाशा कायदेतज्ज्ञांकडून आधीच तपासून घ्यावा.

बारा मैलांच्या पलीकडचे आकाश सर्वांना खुले असते. तेराव्या मैलावर दिवसभर घिरट्या घालत रडारचे संदेश टिपणारे टेहळणी विमान त्रासदायक असले तरी बेकायदा नसते. याच ठिकाणी बहुतेक गोंधळ होतो, कारण अनेक देशांनी हद्दीबाहेर ‘हवाई संरक्षण ओळख क्षेत्र’ आखलेले असते. अमेरिकेने ही प्रथा १९५० मध्ये सुरू केली आणि चीनने पूर्व चीन समुद्रावर असे क्षेत्र २३ नोव्हेंबर २०१३ रोजी जाहीर केले. या क्षेत्रात येणाऱ्याने ओळख सांगावी अशी अपेक्षा असते, पण ते क्षेत्र म्हणजे त्या देशाचा प्रदेश नव्हे. तैवानच्या ओळख क्षेत्राची रेषा तर चीनच्या मुख्य भूमीच्या काही भागावरूनही जाते. म्हणून सरकारी निवेदनात तीन शब्दप्रयोग कटाक्षाने वेगळे ठेवावेत: विमान हद्दीजवळून गेले, विमान ओळख क्षेत्रात आले, विमानाने हद्दीचा भंग केला. पहिल्या दोन घटनांना ‘घुसखोरी’ म्हणण्याची सवय लागली, की खरी घुसखोरी होईल तेव्हा तो शब्द गुळगुळीत झालेला असतो.

वेळेचे गणित आणि अधिकार

ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान मिनिटाला १५ किलोमीटर कापते, म्हणजे प्रादेशिक समुद्राचा संपूर्ण पट्टा ते दीड मिनिटात ओलांडते. सज्ज ठेवलेली लढाऊ विमाने आदेशानंतर १५ मिनिटांत उडतात असे धरले, तर तेवढ्या वेळात समोरचे विमान २२५ किलोमीटर पुढे आलेले असते. यावरून हे उघड आहे, की उड्डाणाचा आदेश ज्या रेषेवर द्यायचा ती रेषा हद्दीच्या बरीच बाहेर असली पाहिजे, आणि तो आदेश मंत्र्यांच्या फोनची वाट पाहत अडून राहता कामा नये. उड्डाणाचा अधिकार कक्षातील कर्तव्यावरील अधिकाऱ्याकडे असावा, इशाऱ्याच्या ज्वाला (विमानातून सोडले जाणारे झगझगीत ‘फ्लेअर’) सोडण्याचा त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे, आणि शस्त्र चालवण्याचा अगदी मोजक्या, नेमून दिलेल्या व्यक्तींकडे. त्यांपैकी कोणी संपर्कात नसल्यास पुढे कोण, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.

ओळख पटवणे ही सर्वांत जबाबदारीची पायरी

ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख आपोआप कळवणारे यंत्र) बंद, उड्डाण आराखडा दिलेला नाही, रेडिओवर उत्तर नाही: या तीन खुणांवरून विमान लष्करी असल्याचा संशय घेता येतो, निष्कर्ष काढता येत नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत आकाशात गेले आणि सुखोई-१५ विमानाने ते साखालिनजवळ पाडले. २६९ माणसे मेली. ते अमेरिकेचे टेहळणी विमान असावे असे जमिनीवरील अधिकाऱ्यांनी धरून चालले होते. रेडिओवरून आपत्कालीन फ्रिक्वेन्सीवर त्याला हाक दिली गेली नाही, आणि इशारा म्हणून झाडलेल्या तोफेच्या गोळ्या अंधारात चमकणाऱ्या नसल्याने प्रवासी विमानाच्या वैमानिकांना त्या दिसल्या असण्याची शक्यता नव्हती. या घटनेनंतर १९८४ मध्ये शिकागो करारात ‘३ बिस’ हे, तिसऱ्या कलमाला जोडलेले पूरक कलम घालण्याची दुरुस्ती मंजूर झाली, ज्यानुसार उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवण्यापासून राष्ट्रांनी दूर राहायचे आहे.

म्हणून लढाऊ विमान वर जात असतानाच खालच्या कक्षाने नागरी हवाई वाहतूक नियंत्रणाशी बोलून त्या भागात मार्ग चुकलेले, रेडिओ बंद पडलेले किंवा संकटात असलेले विमान आहे का, याची खात्री करून घ्यावी. नागरी आणि लष्करी नियंत्रक एकाच दालनात बसत असतील तर हे काम काही सेकंदांत होते. वेगवेगळ्या इमारतींत बसत असतील तर निदान थेट दूरध्वनी जोडणी तरी हवीच. आणि अखेरची खात्री डोळ्यांनीच करावी. रडारवरच्या ठिपक्याला शेपटीवरचे चिन्ह नसते.

जवळ कसे जावे

अडवणुकीची पद्धत आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेने ठरवून दिलेली आहे, आणि ती मुळात नागरी विमानांसाठी असली तरी लष्करी वैमानिकही ती ओळखतात. अडवणाऱ्या विमानाने मागून यावे आणि समोरच्याच्या डाव्या बाजूला, किंचित वर आणि किंचित पुढे थांबावे, कारण मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसतो आणि त्याला आपण तेथेच सहज दिसतो. मग पंख डावी-उजवीकडे डोलवावेत आणि दिवे अनियमित अंतराने उघडमीट करावेत. याचा अर्थ ‘तुम्हाला अडवले आहे, माझ्यामागे या’. समोरच्यानेही पंख डोलवले, की सावकाश, उंची न बदलता, इष्ट दिशेला वळावे. त्याच वेळी १२१.५ मेगाहर्ट्झ या आपत्कालीन फ्रिक्वेन्सीवर, आणि लष्करी विमानांसाठी २४३.० वर, साध्या वाक्यांत सूचना द्याव्यात: तुम्ही अमुक देशाच्या हद्दीजवळ आहात, अमुक दिशेला वळा. सोडून द्यायचे असेल तेव्हा समोरच्याचा मार्ग न कापता, नव्वद अंश किंवा अधिक वळत एकदम वर निघून जावे. जोडीतील दुसरे विमान या सर्व वेळात मागे, सुरक्षित अंतरावर राहते आणि छायाचित्रे घेते: शेपटीवरचा क्रमांक, पंखांखाली लटकवलेली क्षेपणास्त्रे किंवा त्यांचा अभाव, बाहेर आलेले अँटेना.

समोरच्याला घाबरवण्यासाठी त्याच्या नाकासमोरून जाणे किंवा पंखाला पंख भिडवणे यात शौर्य नाही. १ एप्रिल २००१ रोजी हैनान बेटापासून सुमारे ११० किलोमीटरवर चिनी जे-८ लढाऊ विमान अमेरिकेच्या ईपी-३ टेहळणी विमानाच्या अगदी जवळ गेले आणि दोघांची धडक झाली. चिनी वैमानिक मरण पावला, मोडक्या अमेरिकी विमानाला हैनानवर उतरावे लागले आणि त्यावरील २४ जणांना ११ दिवस ताब्यात ठेवण्यात आले. अंतराची किमान मर्यादा आदेशात आकड्याने लिहावी, आणि ती मोडणाऱ्या स्वतःच्या वैमानिकाची चौकशी व्हावी.

सूचनेला दाद मिळाली नाही तर पायरी-पायरीने वर जाता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये रेबुन बेटाजवळ रशियाचे आयएल-३८ गस्ती विमान हद्दीत शिरले, तेव्हा जपानने अशा प्रसंगी प्रथमच ज्वाला सोडल्या. जुलै २०१९ मध्ये डोकडो बेटांजवळ रशियाच्या ए-५० विमानावर दक्षिण कोरियाने ज्वाला तर सोडल्याच, शिवाय इशाऱ्याच्या एकूण ३६० गोळ्या झाडल्या. दोन्ही प्रसंगी कोणी मेले नाही आणि दोन्ही सरकारांना आपण काय केले हे ठामपणे सांगता आले. इशाऱ्याच्या गोळ्या झाडायच्या तर त्या समोरच्याला दिसतील अशाच हव्यात, हा १९८३ चा धडा येथे लागू होतो.

काय दाखवू नये

हद्द चाचपणाऱ्या विमानाबरोबर बहुधा दूरवर दुसरे विमान किंवा जहाज संदेश टिपत असते. त्यामुळे प्रत्येक फेरीला सगळी रडारे सुरू करणे म्हणजे त्याला हवे ते हातात देणे होय. रोजच्या पाळतीची रडारे चालू ठेवावीत. युद्धकाळासाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सी आणि क्षेपणास्त्र प्रणालींची खास कार्यपद्धती बंदच असावी. उड्डाणाचा तळ, विमानांची संख्या आणि भेटीची जागा अधूनमधून बदलावी, म्हणजे समोरच्याच्या नोंदवहीत पक्का आकडा पडत नाही.

प्रत्येक फेरीला विमान पाठवणेही आवश्यक नसते. चिनी विमानांच्या फेऱ्या वाढल्यावर तैवानने २०२१ मध्ये जाहीर केले, की दर वेळी लढाऊ विमाने उडवली जाणार नाहीत आणि काही वेळा जमिनीवरील क्षेपणास्त्र प्रणालीच त्यांचा मागोवा घेतील. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. इंधन, सुटे भाग, विमानांचे उड्डाणतास आणि वैमानिकांची झोप हे सगळे झिजवणे हाही अशा फेऱ्यांचा हेतू असतो, आणि मोठ्या हवाई दलापुढे लहान हवाई दल या मार्गाने एकही गोळी न सुटता थकते.

शस्त्र केव्हा

परवानगीशिवाय केलेला प्रवेश सार्वभौमत्वाचा भंग असतो, पण प्रत्येक भंग हा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ५१ व्या, म्हणजे स्वसंरक्षणाच्या हक्काच्या कलमातील सशस्त्र हल्ला ठरत नाही. २४ नोव्हेंबर २०१५ रोजी तुर्कीने सीरियाच्या सीमेवर रशियाचे सुखोई-२४ पाडले. पाच मिनिटांत दहा इशारे दिले होते आणि विमान १७ सेकंद आत होते, असे तुर्कीने सांगितले. विमान आत गेलेच नाही असे रशियाने म्हटले. बाहेर उडी घेतलेल्या वैमानिकाला जमिनीवरून झालेल्या गोळीबारात मृत्यू आला, शोधमोहिमेत एक रशियन सैनिक मारला गेला, रशियाने तुर्कीच्या फळे-भाज्यांवर आणि पर्यटनावर निर्बंध लादले, आणि जून २०१६ मध्ये तुर्कीच्या राष्ट्राध्यक्षांनी खेदाचे पत्र पाठवल्यावर संबंध सावरू लागले. सतरा सेकंदांचा हिशोब सात महिने चालला.

माझ्या मते गोळी चालवण्यापूर्वी तीन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत: विमान सशस्त्र आहे, त्याचा रोख संरक्षित ठिकाणाकडे आहे, आणि इशारे समजूनही ते वळत नाही. बाहेरच्या दिशेला वळलेल्या विमानावर मारा करू नये. ड्रोनच्या बाबतीत आत माणूस नसल्याने हा उंबरठा खाली येतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडच्या आकाशात शिरलेले काही रशियन ड्रोन पाडले गेले. मात्र स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र खर्च करण्याची वेळ वारंवार येऊ नये म्हणून तोफा आणि स्वस्त अडवणूक साधने आधी घेऊन ठेवावीत.

पुरावा आणि बोलणे

विमान परत गेल्यावरचे काही तास सर्वांत महत्त्वाचे असतात, कारण समोरचा देश जवळजवळ नेहमी इन्कार करतो. १४ मार्च २०२३ रोजी काळ्या समुद्रावर रशियन सुखोई-२७ अमेरिकेच्या एमक्यू-९ ड्रोनवर आदळले, पण रशियाने धडक नाकारली. दोन दिवसांनी अमेरिकेने ड्रोनवरील कॅमेऱ्याचे चित्रण प्रसिद्ध केले, त्यात रशियन विमानाने सोडलेला इंधनाचा फवारा आणि ड्रोनच्या पंख्याचे वाकलेले पाते दोन्ही दिसत होते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तीन मिग-३१ विमाने वाइंडलू बेटाजवळ एस्टोनियाच्या हद्दीत सुमारे १२ मिनिटे राहिली, तेव्हा एस्टोनियाने त्याच दिवशी रशियन राजनैतिक प्रतिनिधीला बोलावून निषेध नोंदवला, नाटो कराराच्या चौथ्या कलमानुसार, म्हणजे सदस्याला धोका वाटल्यास करायची, सल्लामसलत मागितली आणि काही दिवसांतच विषय सुरक्षा परिषदेत नेला.

प्रत्येक नोंदीला जागतिक प्रमाणवेळ, अक्षांश-रेखांश आणि उंची जोडावी. रेडिओवरील इशाऱ्यांचे ध्वनिमुद्रण जसेच्या तसे जपावे. मार्गाचा नकाशा प्रसिद्ध करावा, पण रडारची खरी अचूकता उघड होणार नाही इतका तो ढोबळ ठेवावा. पहिल्या निवेदनात खात्री झालेले तेवढेच सांगावे. फुगवलेला एक आकडा मागे घ्यावा लागला, तर उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

निषेधाबरोबर संवादाची वाटही हवी. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्ध चालू असतानाच, १९७२ मध्ये, समुद्रावरील आणि त्यावरच्या आकाशातील चकमकी टाळण्याचा करार केला. भारत आणि पाकिस्तान यांनी १९९१ मध्ये लढाऊ विमाने एकमेकांच्या हवाई हद्दीपासून १० किलोमीटर दूर ठेवण्याचे मान्य केले. असे करार भंग थांबवतातच असे नाही, पण अंतर आकड्यात ठरलेले असल्याने चूक कोणती आणि आगळीक कोणती हे वेगळे काढता येते, आणि थेट दूरध्वनीवर विचारायला निश्चित प्रश्न मिळतो.

प्रत्येक घटनेनंतर आठवडाभरात नियंत्रक, वैमानिक, गुप्तवार्ता अधिकारी आणि परराष्ट्र खात्याचा प्रतिनिधी यांना एकत्र बसवून मिनिटागणिक नोंद तपासावी. या वेळी समोरच्याला आपल्याबद्दल नवे काय कळले, या प्रश्नाचे लेखी उत्तर तेथे काढावे आणि त्यानुसार पुढच्या वेळचा तळ, फ्रिक्वेन्सी आणि उड्डाणाची रेषा बदलावी.