वंशावळीतील स्त्रियांचे माहेरचे नाव कसे शोधावे

विदर्भातील खेड्यापाड्यांत घरोघरी जपलेल्या वंशावळींत पणजोबा-खापरपणजोबांची नावे सहज सापडतात. त्यांच्या पत्नींची मात्र नोंदच नसते, आणि असलीच तर ती सासरच्या नावाने असते. लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते, आणि कित्येक घरांत ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून पाळण्यातले नावही मागे पडते. म्हणून शोधाची सुरुवात आडनावापासून न करता माहेरच्या गावापासून करावी.

त्यासाठी आधी घरातील वयस्कर स्त्रियांशी निवांत बोलावे. पणजीचे माहेरचे आडनाव कोणालाच आठवत नसले, तरी ती बाळंतपणाला कुठे जात असे आणि मामा कोणत्या गावाहून येत, हे बहुधा आठवते. सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ‘दारव्हावाली’, ‘आर्णीवाली’ म्हणण्याची रीत असल्याने शेजारघरीही चौकशी करावी. मुलांच्या जुन्या लग्नपत्रिका मिळाल्या तर त्यांतील मामांची नावे उतरवून घ्यावीत, कारण मामांचे आडनाव तेच आईचे माहेरचे आडनाव.

गाव कळल्यावर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या गावच्या कोतवाल पंजीची, म्हणजे कोतवालाने ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल मागावी. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे थोरल्या अपत्याचा जन्म पुष्कळदा आजोळच्या गावच्या पंजीत निघतो, आणि केवळ सासरच्या गावची पंजी चाळणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. थोरल्या मुलाच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरात जन्मगाव वेगळे लिहिलेले असेल, तर ते गाव सर्वांत आधी तपासावे.

खुद्द त्या स्त्रीची जन्मनोंद शोधताना तिच्या नावावर विसंबू नये. जुन्या नोंदींत बाळाचे नाव नसून अमक्यास मुलगी झाली एवढेच लिहिलेले असू शकते. तेव्हा वडिलांचे नाव आणि अंदाजे साल धरून पाने पाहावीत. ‘वल्द’ या शब्दापुढे वडिलांचे नाव येते, ‘जौजे’पुढे पतीचे, तर ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘सखूबाई जौजे तुकाराम’ अशी नोंद सासरची आहे, हे त्यावरून लगेच कळते. कागद मोडी लिपीत असेल तर अंदाजाने न वाचता जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे.

माहेरच्या जमिनीचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीही पाहाव्यात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वारसांच्या फेरफारात विवाहित मुलीचे सासरचे नाव मृत वडिलांच्या नावाशी जोडलेले सापडते. बहिणीने भावांना हक्कसोडपत्र करून दिले असेल, तर तो कागद त्याहून बोलका असतो. घरात जात पडताळणीची जुनी फाईल असेल तर तीही उघडावी, तीत नातेवाइकांच्या जुन्या कागदांच्या नकला असू शकतात.

एकाच गावात एकाच नावाची दोन-तीन माणसे असतात, त्यामुळे एका कागदावर निर्णय करू नये. त्या स्त्रीच्या वडिलांचे किंवा भावाचे नाव दोन स्वतंत्र कागदांत जुळल्यावरच नाते पक्के धरावे. वंशावळीत जन्मनाव आधी, सासरचे नाव नंतर आणि शेजारी माहेरचे गाव लिहावे. आडनाव वानखडे की वानखेडे, हे मूळ कागदात असेल तसेच ठेवावे.